हेक्झेनच्या विभागात सेलवर चालणारे घड्याळ: कोणते घ्यावे, कसे सांभाळावे?

प्रश्न (देखभाल विभाग, लातूर)

नमस्कार. लातूर औद्योगिक वसाहतीत हेक्झेन या ज्वालाग्राही द्रावकाने सोयाबीनचे तेल काढणारा आमचा सॉल्व्हंट प्लांट आहे. एक्स्ट्रॅक्टरच्या मजल्यावर मोबाइल आणि स्मार्ट घड्याळ नेण्यास मनाई आहे व ती योग्यच आहे. परंतु त्यामुळे तापमान, दाब आणि मायसेलाच्या (तेल व हेक्झेनच्या मिश्रणाच्या) नोंदी लॉगबुकात करताना ऑपरेटरला वेळ अंदाजानेच लिहावी लागते आणि दोन पाळ्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या की पाच-सात मिनिटांचा फरक हमखास निघतो. एखादी गळती नेमकी केव्हा सुरू झाली हे शोधायचे असेल, तर एवढा फरक फार मोठा ठरतो. म्हणून तेथे दुरून दिसेल असे मोठे घड्याळ लावायचे ठरले आहे. त्या मजल्यावर विजेची नवी लाइन न्यायची नसल्याने ते सेलवर चालणारेच हवे.

आमच्यात दोन मते आहेत. दीड व्होल्टच्या सेलने काय ठिणगी पडणार, बाजारातले साधे घड्याळ लावा, असे काहींचे म्हणणे आहे. दुसरीकडे, एक फॅब्रिकेटर काचेच्या झाकणाच्या एफएलपी (ज्वालारोधक) बॉक्समध्ये साधे घड्याळ बसवून देण्यास तयार आहे. आमच्या वर्गीकरणाच्या नकाशात ती जागा झोन १ आहे, म्हणजे नेहमीच्या कामातही तेथे अधूनमधून स्फोटक वाफ असू शकते. यांपैकी काय करावे, आणि पुढे सेल बदलण्याची व वेळ जुळवण्याची पद्धत कशी ठेवावी?

उत्तर १ (इन्स्ट्रुमेंट अभियंता, वाळूज)

दोन्ही मार्ग सोडून द्यावेत, ही विनंती.

दीड व्होल्टचा मुद्दा ऐकायला बरा वाटतो, पण तो अपुरा आहे. स्फोटक वातावरणातील उपकरणांच्या आयएस/आयईसी ६००७९ या मानक-मालिकेच्या अकराव्या भागात ‘साधे उपकरण’ म्हणून ज्यांना प्रमाणपत्राशिवाय वापरता येते, त्यांत थर्मोकपलसारखे ऊर्जा निर्माण करणारे घटक येतात. मात्र त्यांना १.५ व्होल्ट, १०० मिलिअँपिअर आणि २५ मिलिवॅट या तिन्ही मर्यादा पाळाव्या लागतात. एए आकाराचा नवा अल्कलाइन सेल शॉर्ट झाला, तर तो काही अँपिअर प्रवाह देतो, म्हणजे दुसरी मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडतो. अशा वेळी सेलचे कवच किती तापेल, एखादा बारीक तारेचा तुकडा लाल होईल का, घड्याळाच्या मोटरच्या कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा जोड सुटताना ठिणगीच्या रूपाने बाहेर पडेल का, हे सर्व कोणीतरी तपासून लिहून दिलेले असावे लागते. बाजारातल्या घड्याळाच्या बाबतीत ते कोणीही तपासलेले नसते. हेक्झेनची वाफ हवेत साधारण एक टक्का झाली तरी मिश्रण पेटू शकते, हे येथे विसरून चालणार नाही.

एफएलपी बॉक्सचा प्रस्ताव मला अधिक धोक्याचा वाटतो, कारण तो सुरक्षित असल्यासारखा दिसतो. रिकाम्या बॉक्सला असलेले प्रमाणपत्र हे फक्त त्या घटकाचे असते. आत काय बसवले आहे ते धरून संपूर्ण उपकरणाला वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते. बंद बॉक्समधील सेलमधून वायू बाहेर पडू शकतो, म्हणून ज्वालारोधक आवरणातील सेलसाठी त्याच मालिकेच्या पहिल्या भागात स्वतंत्र अटी घातलेल्या आहेत. शिवाय काच बसवण्यासाठी झाकण कापले किंवा खुंटीसाठी मागे छिद्र पाडले, तर फ्लेमपाथचे (आतील ज्वाला बाहेर येण्यापूर्वी विझवणाऱ्या जोडातील अरुंद फटीचे) मोजमाप बिघडते आणि तो बॉक्स एफएलपी राहत नाही.

म्हणून आंतरिक सुरक्षित (वाफ पेटवण्याइतकी ऊर्जाच बाहेर पडू न देणारे), म्हणजे ‘एक्स आयए’ (Ex ia) किंवा ‘एक्स आयबी’ (Ex ib) असे चिन्हांकन असलेले घड्याळ घ्यावे. झोन १ साठी दोन्ही चालतात. हेक्झेन टू-ए या वायुगटात मोडते आणि त्याचे स्वयंज्वलन तापमान सुमारे २२५ अंश सेल्सिअस आहे, त्यामुळे पृष्ठभागाचे तापमान २०० अंशांच्या आत ठेवणारा टी-३ वर्ग पुरेसा आहे. टू-सी, टी-४ असे लिहिलेले मिळाले, तर ते अधिक कडक असल्याने निःशंक घ्यावे. नावपट्टीवर सभोवतालच्या तापमानाची कक्षा मात्र आवर्जून पाहावी. ती लिहिलेली नसेल, तर प्रमाणपत्र उणे २० ते ४० अंशांपुरतेच लागू असते, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा सावलीतच चाळिशी ओलांडतो. पेंड तापवून तीतील हेक्झेन काढणाऱ्या टोस्टरजवळच्या भिंतीची तर गोष्टच वेगळी. तेथे किमान ५० अंशांपर्यंतची कक्षा लिहिलेली असावी.

हेक्झेन हे वर्ग ‘अ’चे पेट्रोलियम असल्याने, नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची (पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची) मान्यता नेमक्या त्याच मॉडेलला आहे का, हे खरेदीपूर्वी कागदावर तपासावे. केवळ युरोपातील एटेक्स प्रमाणपत्र दाखवले, तर तेवढ्यावर समाधान मानू नये.

उत्तर २ (आसवनी, धाराशिव जिल्हा)

वरील उत्तर योग्य आहे. सेलबद्दल भर घालतो, कारण खरेदीच्या वेळी सर्व काटेकोर असते आणि पुढे सेल बदलताना सगळे विसरले जाते.

प्रमाणपत्र हे घड्याळाचे आणि त्यात नमूद केलेल्या सेलचे मिळून असते. कागदावर ज्या कंपनीचा आणि ज्या प्रकारचा सेल लिहिला आहे, तोच घालावा. रिचार्जेबल सेलचा अंतर्गत रोध कमी असल्याने शॉर्ट झाल्यास तो मोठा प्रवाह देतो; आकार तोच आहे म्हणून तो चालतो, असे होत नाही. सेल जागेवर बदलू नये. घड्याळ उतरवून सुरक्षित क्षेत्रातील वर्कशॉपमध्ये न्यावे आणि झाकणाचा स्क्रू तेथेच उघडावा. सेल पूर्ण संपण्याची वाट पाहणेही बरे नव्हे. अल्कलाइन सेल जुना झाला की बऱ्याचदा ऋण टोकाकडून द्रव झिरपतो, स्प्रिंगवर पांढरट थर धरतो आणि नवा सेल घातला तरी काटा अडखळत चालतो. तो थर खरवडून घड्याळ पुन्हा टांगणे, हे प्रमाणित उपकरणाच्या बाबतीत मान्य होण्यासारखे नाही. ते उत्पादकाकडेच पाठवावे.

पुसताना ओले फडकेच वापरावे, कारण कोरडे घासल्यास प्लॅस्टिकवर स्थिर विद्युतभार साठतो. झोन १ मध्ये टू-ए गटासाठी उघड्या प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाची सर्वसाधारण मर्यादा १०० चौरस सेंटिमीटर आहे, तर ३० सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवरील अ‍ॅक्रिलिकचे क्षेत्रफळ ७०० च्या आसपास भरते. त्यामुळे प्रमाणपत्र क्रमांकाच्या शेवटी ‘एक्स’ (X) हे अक्षर असेल, तर स्थिर विद्युतभाराविषयीची विशेष अट त्यात आहे का, हे वाचूनच जागा ठरवावी.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. फॅब्रिकेटरला नकार कळवत आहे. एक शंका उरते: आपोआप वेळ जुळवणारी रेडिओ घड्याळे परदेशी विक्रेते सुचवत आहेत. ती उपयोगाची आहेत का?

उत्तर १ (इन्स्ट्रुमेंट अभियंता, वाळूज)

नाहीत. ती जर्मनी, जपान, अमेरिका अशा देशांतील दीर्घलहरी प्रक्षेपणावर अवलंबून असतात आणि तसे वेळेचे प्रक्षेपण आपल्याकडे नाही. साधे क्वार्ट्झ यंत्र घ्यावे. त्यातील ३२,७६८ हर्ट्झचा स्फटिक साधारण २५ अंशांना सर्वांत अचूक असतो आणि उष्णता वाढली की मागे पडतो. ४५ अंशांना हा फरक दिवसाला सव्वा सेकंदाच्या जवळ जातो, म्हणजे उन्हाळ्यात महिन्याकाठी अर्धा मिनिट केवळ उष्णतेचे धरावे. स्फटिकाची मूळची चूक त्यात मिळते किंवा वजा होते. त्यामुळे महिन्यातून एकदा वेळ जुळवली तरी पुरते.

वेळ मात्र मोबाइलवरून न घेता कंट्रोल रूममधील स्काडाच्या (प्लांटच्या देखरेख-संगणकाच्या) पडद्यावरून घ्यावी, कारण लॉगबुकातील नोंद शेवटी तेथील ट्रेंडशीच (वेळेनुसार नोंदींच्या आलेखाशीच) ताडायची असते. घड्याळ किती सेकंद पुढे किंवा मागे होते, हे तारखेसह लिहून ठेवावे. ते एकाएकी जास्त मागे पडू लागले, तर सेल उतरल्याची ती खूण असू शकते.

बसवण्याविषयी एकच सांगतो. हेक्झेनची वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असल्याने ती खाली साचते, हे खरे. पण घड्याळ उंचावर लावले म्हणून ते झोनबाहेर गेले असे समजू नये, नकाशात जे असेल ते धरावे. भिंतीला ड्रिल मारायचे असल्यास वार्षिक शटडाऊनमध्ये, प्लांट वायुमुक्त झाल्यावर आणि परमिट घेऊनच मारावे. तोवर थांबणे शक्य नसेल, तर जवळच्या स्ट्रक्चरला क्लॅम्पचा ब्रॅकेट पान्याने कसून त्यावर घड्याळ टांगावे. घड्याळाच्या आवरणाला मात्र कोणतेही नवे छिद्र पाडू नये.