नव्या शहरात जुन्या लॅटिन मिस्सेची पॅरिश कशी शोधायची? आधी घर की आधी चर्च?

नवा_पत्ता

नोकरीमुळे सहकुटुंब दुसऱ्या शहरात राहायला जायचं आहे. १९६२ च्या मिस्सलप्रमाणे (जुन्या उपासना-पुस्तकाप्रमाणे, लॅटिनमध्ये) होणारी मिस्सा दर रविवारी मिळावी, ही पहिली गरज. शोधल्यावर तीन ठिकाणं दिसतात. पहिल्याची वेळ दोन याद्यांमध्ये वेगवेगळी आहे. दुसऱ्याचं नाव यादीत आहे, पण त्या चर्चच्या स्वतःच्या संकेतस्थळावर लॅटिन मिस्सेचा उल्लेखच नाही. तिसरं एक चॅपल आहे, ते धर्मप्रांताच्या (बिशपांच्या अखत्यारीतल्या भागाच्या) यादीत सापडत नाही.

थोरल्या मुलीचं दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा कन्फर्मेशन संस्कार) व्हायचं आहे, बाळाचा बाप्तिस्माही बाकी आहे. घर चर्चजवळ घ्यावं का? निघण्यापूर्वी इथून कोणते कागद घ्यावेत? आणि तिथे नेमकं कोणाला काय विचारावं?

---

वेदीसेवक

दुसऱ्या चर्चवर एवढ्यात काट मारू नका. संकेतस्थळावर उल्लेख नसण्याचं कारण बहुतेक वेळा नियमात असतं. पोप फ्रान्सिस यांनी १६ जुलै २०२१ ला 'त्रादिसिओनिस कुस्तोदेस' हा आदेश काढला. जुनं मिस्सल कुठे आणि कोणत्या दिवशी वापरायचं हे बिशपांनी ठरवायचं, पॅरिश चर्च (ठरावीक हद्दीतल्या लोकांचं नेहमीचं चर्च) त्यासाठी वापरायचं नाही आणि नव्या वैयक्तिक पॅरिशेस (हद्दीऐवजी विशिष्ट गटासाठी असलेल्या) उभ्या करायच्या नाहीत, असं त्यात आहे. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये पॅरिश चर्च वापरण्याची सूट देण्याचा अधिकार व्हॅटिकनने स्वतःकडे घेतला. मधल्या काळात, डिसेंबर २०२१ च्या खुलाशात, सवलतीने पॅरिश चर्चमध्ये होणारी जुनी मिस्सा पॅरिशच्या वेळापत्रकात देऊ नये असंही सांगितलं गेलं. म्हणून मिस्सा होत असते आणि फलकावर दिसत नाही. अशा वेळी धर्मप्रांताच्या संकेतस्थळावर बिशपांचं परिपत्रक शोधा, नाहीतर सरळ पॅरिशच्या कार्यालयात फोन करा. फोन आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी करा. रविवारी कार्यालयात कोणी नसतं किंवा असलं तरी बोलायला सवड नसते.

वेळा जुळत नसतील तर यादीतली नोंद कधीची आहे ते आधी बघा. जुलै २०२१ पूर्वीची असेल तर तिच्यावर विसंबू नका, फेब्रुवारी २०२३ पूर्वीची असेल तरी पुन्हा विचारून घ्या. त्या दोन टप्प्यांवर बऱ्याच मिस्सा बंद झाल्या किंवा दुसऱ्या चर्चमध्ये हलल्या, याद्या मात्र तशाच राहिल्या. ताज्या यादीतही उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आणि पवित्र आठवड्याच्या वेळा वेगळ्या असू शकतात.

फोनवर 'तुमच्याकडे लॅटिन मिस्सा असते का' एवढंच विचारू नका. नवी (आज बहुतेक चर्चमध्ये होणारी) मिस्साही लॅटिनमध्ये अर्पण करता येते, त्यामुळे 'हो' असं उत्तर येईल आणि तुमचा गैरसमज होईल. प्रश्न असा करा: '१९६२ च्या मिस्सलप्रमाणे मिस्सा असते का, आणि दर रविवारी की फक्त पहिल्या रविवारी?' त्यानंतर तीन गोष्टी आठवणीने विचारा. फादर रजेवर गेले की कोण येतं? बदली धर्मगुरूंनाही जुन्या मिस्सलसाठी बिशपांची परवानगी लागते, म्हणून बऱ्याच ठिकाणी फादर गावाला गेले की मिस्साच नसते. परवानगीची मुदत कधीपर्यंत आहे? व्हॅटिकनची सूट ठरावीक मुदतीची असते. सहा महिन्यांत ती संपणार असेल तर त्या चर्चच्या भरवशावर घर घेऊ नका. तिसरं, मिस्सेपूर्वी पापनिवेदनासाठी फादर बसतात का, आणि किती वेळ?

शहरात एफएसएसपी, म्हणजे संत पेत्राचा पुरोहितसंघ, किंवा इन्स्टिट्यूट ऑफ क्राइस्ट द किंग यांचं चर्च असेल तर तिथून सुरुवात करा. पहिला संघ १९८८ मध्ये स्थापन झाला, दुसरी संस्था १९९० मध्ये. या दोन्ही संस्था पोपशी पूर्ण ऐक्यात आहेत, आणि जुनी उपासना हेच त्यांचं रोजचं काम आहे. एक फादर बदलले म्हणून तिथली मिस्सा बंद पडत नाही. एफएसएसपीला तर ११ फेब्रुवारी २०२२ च्या पोपच्या आदेशाने त्यांच्या स्वतःच्या चर्चमध्ये १९६२ ची सगळी उपासना-पुस्तकं वापरण्याची मुभा पुन्हा स्पष्टपणे दिलेली आहे. बिशपांनी नेमलेलं पॅरिशमधलं ठिकाण आणि अशा संस्थेचं चर्च यांतून निवडायची वेळ आली, तर मुलांच्या पुढच्या दहा वर्षांचा विचार करून मी संस्थेचं चर्च निवडेन, थोडं लांब असलं तरी.

---

दप्तरदार

कागदांबद्दल लिहितो. चर्च सापडल्यावर गाडी अडते ती इथेच.

कॅनन लॉप्रमाणे (चर्चच्या कायद्याप्रमाणे) तुमची पॅरिश तुमच्या राहत्या पत्त्यावरून ठरते, तुम्ही कुठे मिस्सेला जाता त्यावरून नाही. कायम राहण्याच्या हेतूने एखाद्या भागात आलात की तिथे तुमचा अधिवास झाला. किमान तीन महिने राहण्याचा हेतू असेल, किंवा तसे तीन महिने प्रत्यक्ष भरले, तर उप-अधिवास होतो (कॅनन १०२). त्या हद्दीचे पॅरिश प्रीस्ट हे तुमचे प्रीस्ट. रविवारचं कर्तव्य कोणत्याही कॅथोलिक विधीतल्या मिस्सेने, कुठेही पूर्ण होतं (कॅनन १२४८), त्यामुळे लॅटिन मिस्सेसाठी हद्दीबाहेर जाण्याला कसलीच आडकाठी नाही. बाप्तिस्मा, लग्न आणि अंत्यविधी आला की मात्र हद्दीच्या पॅरिशशी संबंध येतोच. म्हणून पहिल्या महिन्यातच हद्दीच्या पॅरिशमध्ये जा, फादरांना भेटा, कुटुंबाची नोंद करा, आणि रविवारी कुठे जाता ते मोकळेपणाने सांगा. हे लपवून पुढे परवानगीची चिठ्ठी मागायला जाणं फार अवघड होतं.

निघण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाच्या बाप्तिस्म्याचा नवा दाखला काढून घ्या. घरात जपून ठेवलेला जुना दाखला चालत नाही, कारण दृढीकरण, लग्न, दीक्षा या पुढच्या नोंदी बाप्तिस्मा झालेल्या पॅरिशच्या मूळ नोंदवहीत समासात चढतात (कॅनन ५३५). या टिपांसकट उतारा हवा असतो. लग्नासाठी तो सहसा सहा महिन्यांच्या आतला मागतात. कुटुंबातल्या प्रत्येकाचा बाप्तिस्मा वेगळ्या पॅरिशमध्ये झालेला असू शकतो, म्हणून पत्रं आत्ताच पाठवा. एखादी पॅरिश बंद झाली असेल किंवा दुसरीत विलीन झाली असेल तर तिच्या वह्यांसाठी धर्मप्रांताच्या दप्तराकडे विचारणा करा. सोबत तुमच्या लग्नाचा दाखला, मुलीच्या पहिल्या कम्युनियनचा दाखला आणि सध्याच्या फादरांनी तुमच्या कुटुंबाची ओळख देणारं सही-शिक्क्याचं पत्र घ्या.

मुलीसाठी आणखी एक पत्र लागेल: धर्मशिक्षणाची किती वर्षं झाली आणि दृढीकरणाच्या तयारीत काय शिकवून झालं. तयारीचा अभ्यासक्रम काही ठिकाणी एक वर्षाचा, काही ठिकाणी दोन वर्षांचा असतो. हे पत्र नसेल तर मुलीला पहिल्यापासून बसवतील.

बाळाचा बाप्तिस्मा स्थलांतरासाठी थांबवून ठेवू नका. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो करावा, असं कॅनन ८६७ सांगतं. आत्ताच्या पॅरिशमध्ये तुम्हांला ओळखतात, कागद तिथेच आहेत, धर्म-आईबाप जवळ आहेत. तिकडे गेल्यावर नवी चौकशी, पालकांसाठीचे नवे तयारी-वर्ग आणि बहुधा हद्दीच्या फादरांची चिठ्ठी, यात महिने जातात. धर्म-आईबापांपैकी कोणी त्या दिवशी येऊ शकत नसेल तर प्रतिनिधी उभा करता येतो, नाव मात्र वहीत मूळ माणसाचंच लागतं. धर्म-आईबाप सोळा वर्षं पूर्ण झालेले आणि दृढीकरण झालेले हवेत, हे आधी तपासा.

---

नवा_पत्ता

बाप्तिस्मा इथेच उरकतो, आभार. तिसऱ्या चॅपलमध्ये फोन लागला. 'आम्ही स्वतंत्र पारंपरिक कॅथोलिक आहोत' असं म्हणाले. मिस्सा रोज आहे, पापनिवेदनही रोज. आत्ता ठरलेल्या घरापासून सगळ्यांत जवळ तेच आहे. तिथे जाण्यात नेमकी अडचण काय?

---

दप्तरदार

अडचण मोठी आहे, आणि ती संस्कार खरे ठरतात की नाही इथपर्यंत जाते. पापनिवेदन ऐकून क्षमा देण्यासाठी धर्मगुरूला दीक्षेबरोबर अधिकारही लागतो (कॅनन ९६६), आणि तो बिशपांकडून किंवा कायद्याने मिळतो. कोणत्याच बिशपांशी संबंध नसलेल्या धर्मगुरूकडे तो नसतो. मृत्यूच्या दारात असलेल्याला कोणताही धर्मगुरू क्षमा देऊ शकतो, एरवी नाही. लग्नाचंही तसंच. अधिकार नसलेल्या धर्मगुरूसमोर लावलेलं कॅथोलिकांचं लग्न विधीच्या दोषामुळे अवैध ठरतं (कॅनन ११०८). मिस्सा कितीही सुंदर असली तरी ही उणीव भरून निघत नाही.

त्यांना दोन प्रश्न सरळ विचारा. तुमचे बिशप कोण? मिस्सेच्या कॅननमध्ये (मिस्सेतल्या मुख्य प्रार्थनेत) सध्याच्या पोपचं नाव घेता का? लॅटिन मिस्सेत हा भाग मंद स्वरात होतो, बाकावर बसून ऐकू येत नाही, म्हणून विचारावंच लागतं. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर पोपचं आसन रिकामं आहे असं मानणारा तो गट आहे. तिकडे फिरकू नका.

संत पायस दहावे यांच्या नावाचा संघ, एसएसपीएक्स, याची गोष्ट वेगळी आहे. यादीत तोही दिसेल म्हणून सांगतो. आर्चबिशप लफेव्र यांनी तो १९७० मध्ये स्थापन केला. १९८८ मध्ये परवानगीविना बिशपांचा अभिषेक झाला, त्या चार बिशपांवरचा बहिष्कार २००९ मध्ये उठला. तरी त्या संघाला चर्चमध्ये कायदेशीर दर्जा नाही, हे पोप बेनेडिक्ट यांनी त्याच वर्षी लिहून स्पष्ट केलं. त्यांच्या धर्मगुरूंकडे पापनिवेदन करणाऱ्याला वैध क्षमा मिळते, ही मुभा पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये एका वर्षासाठी दिली आणि २०१६ मध्ये पुढे चालू ठेवली. लग्नासाठी २०१७ पासून स्थानिक बिशप अधिकार देऊ शकतात, पण तो आपोआप मिळत नाही. बिशपांचं लेखी पत्र पाहिल्याशिवाय तारीख ठरवू नये.

---

ग्रेगोरियन

घराबद्दल वेदीसेवकांपेक्षा माझं मत थोडं वेगळं आहे. चर्चला खेटून घर घेऊ नका, निदान पहिलं वर्ष तरी भाड्याने राहा. परवानगी बदलते, फादर बदलतात. चर्चपर्यंतचं अंतर नकाशावर मोजू नका. रविवारी सकाळी मिस्सेच्या वेळी किती मिनिटं लागतात ते बघा. बस-गाड्या रविवारी कमी असतात. लहान मुलं घेऊन पाऊण तासापर्यंतचा प्रवास दर आठवड्याला निभतो. त्यापुढे पहिल्या आजारपणात किंवा परीक्षेच्या आठवड्यात खंड पडतो आणि मग सवयच मोडते.

निवड करण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी एक गायनी मिस्सा आणि आठवड्यातली एक साधी मिस्सा बघा. साधी पाऊण तासात होते, गायनी सव्वा ते दीड तास. रविवारी गर्दी आणि गायनवृंद असतो, पॅरिशची खरी ओळख मंगळवारी सकाळी होते: फादर किती घाईत आहेत, पापनिवेदनाला रांग आहे का, मिस्सेनंतर लोक गुडघ्यांवर थांबतात का. मुलांचं रडणं कसं चालवून घेतात तेही बघा. धर्मशिक्षणाचा वर्ग कोण घेतं आणि कोणत्या पुस्तकातून, हे प्रवचनापेक्षा जास्त महत्त्वाचं.

दिनदर्शिकेत गफलत होते. जुन्या दिनदर्शिकेत ख्रिस्तराजाचा सण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, नव्या दिनदर्शिकेत उपासना-वर्षाच्या शेवटच्या रविवारी. कर्तव्याचे सण मात्र चर्चच्या सध्याच्या कायद्याने आणि त्या देशाच्या बिशपांच्या निर्णयाने ठरतात, जुन्या मिस्सलमधल्या यादीने नाही. नव्या देशात जात असाल तर ही यादी हद्दीच्या पॅरिशमधून मागून घ्या.

दृढीकरण जुन्याच विधीत हवं असा हट्ट मनात असेल तर तो आत्ताच सैल करा. बिशपांनी नेमलेल्या ठिकाणी २०२१ च्या खुलाशानुसार जुना विधी मिळत नाही. संस्थेच्या चर्चमध्येही बिशपांच्या संमतीवर अवलंबून असतं. नव्या विधीतलं दृढीकरण तितकंच वैध आहे, मुलीला दोन वर्षं अडवून ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

आणि १९६२ ची मिस्सा मुळीच मिळाली नाही तर? नवी मिस्सा लॅटिनमध्ये, वेदीकडे तोंड करून, ग्रेगोरियन गायनासह होते असं एखादं चर्च शोधा. संत फिलिप नेरींच्या ओरेटरींमध्ये (एकत्र राहणाऱ्या धर्मगुरूंच्या समुदायांच्या चर्चमध्ये) ती बऱ्याचदा मिळते. पौर्वात्य कॅथोलिक चर्चची (पोपशी ऐक्यात असलेल्या, पण पूर्वेकडच्या परंपरेच्या चर्चची) दैवी उपासना हाही पूर्ण मार्ग आहे. तिथे रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं, कम्युनियनही घेता येतं (कॅनन ९२३), आणि वर्षानुवर्षं गेलात तरी तुमचं मूळ चर्च, म्हणजे लॅटिन चर्च, बदलत नाही (कॅनन ११२). त्यांचे उपवास आणि सणांच्या तारखा वेगळ्या असतात. काही ठिकाणी बाळांनाही कम्युनियन देतात. तुमचं बाळ लॅटिन चर्चचं आहे, हे रांगेत उभं राहण्यापूर्वीच फादरांच्या कानावर घाला.