मदत हवी आहे: सेकंड ओपिनियनसाठी कार्डिओलॉजिस्ट निवडताना काय बघायचं?

नमस्कार मंडळी, बाबांसाठी विचारतेय. वय ६८. गेले काही महिने जिना चढताना छातीत दाटून येतं, थांबले की दोन-चार मिनिटांत जातं. ट्रेडमिल टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून अँजिओग्राफी केली, मनगटातून केली. उजव्या आर्टरीत ७५ टक्के ब्लॉक, डावीकडे किरकोळ, लेफ्ट मेन (डावीकडची मुख्य आर्टरी) नॉर्मल, ईएफ (हृदयाची पंपिंगची ताकद) ६० टक्के. बाबा टेबलवर असतानाच डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, लगेच स्टेंट टाकून घेऊ, पाच मिनिटांत काय ते सांगा. आई रडायला लागली, भाऊ फोनवर वेगळंच काहीतरी, शेवटी मीच म्हटलं आज नको, विचार करून सांगतो. तेव्हापासून घरात सगळे माझ्यावर खार खाऊन आहेत.

आता सेकंड ओपिनियन घ्यायचंय. नातेवाईकांनी तीन नावं दिलीत. एकांच्या पाटीवर एमडी, डीएम आणि पुढे एफएसीसी, एफईएससी असे आगगाडीचे डबे लागलेत. दुसऱ्यांचं नुसतं एमडी, डीएनबी कार्डिओलॉजी. तिसऱ्यांच्या पाटीवर मोठ्या अक्षरात हृदयरोगतज्ज्ञ, खाली बारीक अक्षरात एमडी मेडिसिन आणि कार्डिओलॉजीचा डिप्लोमा. यातलं खरं शिक्षण कुठलं आणि शोभेचं कुठलं? आणि अनुभव किती असं तोंडावर विचारलं तर डॉक्टरांना राग येतो का हो?

स्टेथो:
आधी डिग्रीचं. आपल्याकडे एमबीबीएस, मग एमडी मेडिसिन ३ वर्षं, मग डीएम कार्डिओलॉजी आणखी ३ वर्षं. डीएनबी (आता सुपरस्पेशालिटीला डीआरएनबी म्हणतात) हा त्याच तोडीचा रस्ता, त्यामुळे तुमचे दुसरे डॉक्टर कमी शिकलेले असं अजिबात समजू नका. एफएसीसी, एफईएससी या अमेरिकन आणि युरोपियन कार्डिओलॉजी संस्थांनी दिलेल्या फेलोशिप, म्हणजे मान आहे, चांगलंच आहे, पण ते वेगळं ट्रेनिंग नव्हे. डिप्लोमावाले बीपी, ईसीजी, रोजची औषधं नीट बघू शकतात, पण स्टेंट टाकायचा की नाही या प्रश्नासाठी डीएम किंवा डीएनबीच गाठा. मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये नाव किंवा रजिस्ट्रेशन नंबर शोधा, तिथे जास्तीचं शिक्षण नोंदलेलं असतं.

दुसरं म्हणजे कार्डिओलॉजिस्टमध्येही पोटशाखा आहेत. अँजिओप्लास्टी करणारा, म्हणजे स्टेंट टाकणारा तो इंटरव्हेन्शनल, ठोक्यांची गडबड, पेसमेकर, अब्लेशन बघणारा इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्ट, कोणी इको आणि सीटीतच मुरलेला. बायपास करणारा तर कार्डिओलॉजिस्ट नाहीच, तो एमसीएच झालेला सर्जन. तुमचा प्रश्न ब्लॉकचा आहे, त्यामुळे इंटरव्हेन्शनल बघा, फक्त ज्यांनी आधी सुचवलं त्यांच्याच युनिटमधला नको.

फटफटी:
डॉक्टर वगैरे राहू द्या, सगळे स्टेंट टाकायलाच बसलेत. माझ्या सासऱ्यांना काहीही न करता दहा वर्षं झाली, ठणठणीत आहेत. पळा तिथून.

कॅथलॅबवाली:
फटफटी, असं सरसकट नका लिहू हो, कोणीतरी हे वाचून हार्ट अटॅकमध्ये घरी बसेल. अटॅक चालू असताना अँजिओप्लास्टीने जीव वाचतो, तिथे सेकंड ओपिनियन शोधत बसायचं नसतं. बाबांचं दुखणं चालल्यावर येतं, थांबल्यावर जातं, म्हणजे स्टेबल अंजायना वाटतो, त्याचा हिशोब वेगळा. २००७ चा करेज आणि २०२० मध्ये छापून आलेला इस्किमिया (५,१७९ पेशंट) या दोन्ही अभ्यासांत अशा स्थिर पेशंटना चांगल्या औषधांबरोबर आधीच स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र जास्त कमी झालं, हेही तितकंच खरं. लेफ्ट मेनमध्ये मोठा ब्लॉक असलेले पेशंट इस्किमियात घेतलेच नव्हते, म्हणून तुमच्या रिपोर्टमधलं लेफ्ट मेन नॉर्मल हे वाक्य महत्त्वाचं.

ताई, जाताना नुसता कागद नेऊ नका, अँजिओची सीडी मागून घ्या. ७५ टक्के हा आकडा बहुतेक वेळा डोळ्यांनी बघून लिहिलेला असतो, आमच्याकडे एकाच फिल्मवर दोन डॉक्टरांचं एकमत होत नाही असं कितीदा बघितलंय. समोरचा डॉक्टर सीडी लावून स्वतः बघतो की रिपोर्टची शेवटची ओळ वाचून मान हलवतो, यावरूनच निम्मं कळतं. एफएफआर करावं लागेल का तेही विचारा. त्यात बारीक प्रेशर वायर ब्लॉकच्या पलीकडे नेतात आणि पलीकडचं प्रेशर अलीकडच्याशी ताडून बघतात, दोन्हींचं गुणोत्तर ०.८० किंवा त्याखाली आलं तर ब्लॉक खरंच रक्त अडवतोय.

अनुभव बिनधास्त विचारा. वर्षाला किती अँजिओप्लास्टी स्वतः करता आणि औषधांवर ठेवलेले पेशंट किती, हे दोन्ही विचारा. ज्याला राग येतो तो डॉक्टर आपल्याला तसाही नको.

धागाकर्ती:
स्टेथो, कॅथलॅबवाली ताई, खूप आभार. सीडीचं तर कोणी सांगितलंच नव्हतं, उद्या भावाला पाठवते आणायला. डीएनबीवाल्यांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात मिळतेय. तोपर्यंत अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन, बीटा ब्लॉकर चालू आहेत, आई म्हणते इतक्या गोळ्या कशाला, थोड्या कमी कर. आणि फिरायला जाऊ द्यायचं का?

स्टेथो:
एकही गोळी मनाने कमी करायची नाही, त्याच तर खरी ट्रीटमेंट आहेत. सपाटीवर दुखत नाही तेवढंच हळू चालू दे, जड उचलणं आणि चढ सध्या नको. जिभेखालची गोळी दिली असेल तर खिशात ठेवा, आणि ती बसूनच घ्यायची, बीपी पडतं. दुखणं बसल्याबसल्या यायला लागलं, आधीपेक्षा वरचेवर यायला लागलं किंवा गोळी घेऊनही पाच मिनिटांत थांबलं नाही तर अपॉइंटमेंटची वाट न बघता अँब्युलन्स बोलवा आणि कॅथलॅब (अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी करतात ती खोली) असलेलं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल गाठा. तेव्हा पाटी वाचत बसू नका.