मदत हवी आहे : नगरपरिषदेच्या जागेतलं वाचनालय कसं टिकवायचं?

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी आहे. वाचनालय 'ब' वर्गाचं (सरकार वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देतं, त्यावर अनुदान ठरतं), जागा नगरपरिषदेची. भाडेकरार कधीच संपलाय, जुन्या नाममात्र भाड्यावर आजवर निभावलं. आता नगरपरिषदेने आपल्या सगळ्या मिळकतींची तपासणी काढलीय आणि आम्हाला नोटीस आलीय : रेडीरेकनरप्रमाणे (जागेच्या सरकारी दरांप्रमाणे) नवीन भाडं मागच्या फरकासकट भरा, नाहीतर जागा खाली करा.

मोजणीला आलेल्यांनी पेपर वाचायचा व्हरांडासुद्धा टेप लावून मोजला. सकाळी पेन्शनर मंडळी चष्मे सावरत एकेक पान वाटून घेतात, ती जागा शेजारच्या मोबाइलच्या गाळ्याच्या दराने धरलीय! हे मला अजिबात पटत नाही.

सरकारी अनुदान दोन हप्त्यांत येतं. 2022 साली त्यात 60 टक्के वाढ जाहीर झाली तेव्हा हायसं वाटलं होतं, पण ग्रंथपाल-शिपायाचं वेतन, पुस्तकखरेदी आणि वीजबिल भागवलं की शिल्लक काही राहत नाही. वर्गणी वाढवली तर सगळ्यात आधी मुलं आणि घरखर्चातून पैसे काढणाऱ्या बायका गळतील.

मुळात आपल्या महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय उपकरच (वाचनालयांसाठीचा जादा कर) नाही. कर्नाटकाच्या 1965 च्या कायद्यात तो आहे, मालमत्ता करासोबत गोळा होतो. आपल्याकडे संस्थेने वाचनालय चालवायचं आणि जागेचंही तिनेच बघायचं. त्यात नगरपरिषदेच्या कायद्यात वाचनालय हे ऐच्छिक काम, त्यामुळे कार्यालयात कुणी फारसं मनावर घेत नाही. इतकी वर्षं नगरपरिषदेवर प्रशासक होते, दाद कुणाकडे मागणार? आता नगरसेवक आलेत, एवढीच आशा.

नगरपरिषदेने तोंडी सुचवलंय की शाळेच्या एका रिकाम्या खोलीत जा. एका खोलीत पुस्तकांची कपाटं मावतील, पण बालविभाग आणि अभ्यासिका कुठे न्यायची? एमपीएससीची तयारी करणारी मुलं रात्री उशिरापर्यंत बसलेली असतात, त्यांच्या घरी अभ्यासाला कोपरासुद्धा नाही.

तर विचारायचं हे की, 1965 च्या नगरपरिषद अधिनियमातल्या कलम 92 खाली (नगरपरिषदेची मिळकत दुसऱ्याला देण्याबाबतचं कलम) वाचनालयाला सवलतीच्या भाड्याने जागा द्यायचा ठराव तुमच्या गावात झालाय का? पुढे जिल्हाधिकाऱ्यांकडून मंजुरी मिळाली का? जागा लहान झाल्याने वाचनालयाच्या सरकारी तपासणीत कुणाचा वर्ग खाली आलाय का? आणि राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडून (वाचनालयांना मदत करणारी केंद्र सरकारची संस्था) इमारतीसाठी मदत मिळवलेली संस्था इथे असेल तर जागेची कोणती कागदपत्रं लागली, तेही सांगा. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना पत्र दिलंय, उत्तराची वाट बघतेय.

नगरपरिषदेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेआधी अर्ज द्यायचाय. ठरावाची प्रत नसली तरी चालेल. गाव, ठराव क्रमांक आणि साल कळवा, माहिती अधिकारात मी मागवून घेईन.