डिझायनर जेपीजी देतो, पाऊचवाला ओपन फाइल मागतो. काय करू?

निफाडची_सून:
नमस्कार मंडळी. आम्ही घरच्या द्राक्षांचा बेदाणा करतो. (तासगावकरांनी हसू नये.) आतापर्यंत साध्या पिशवीवर पट्टी चिकटवून विकला, यंदा दिवाळीआधी पाव किलोचं नीट छापील पाऊच काढायचंय. इन्स्टाग्रामवर काम बघून एक मुलगा गाठला, घरूनच कामं घेतो. लोगो आणि पाऊचचं डिझाइन मिळून आठ हजार ठरले, निम्मे आधी दिले. मुलाचा हात चांगला आहे. द्राक्षाचा मांडव असा काढलाय की सासूबाई म्हणाल्या, "हा आपलाच प्लॉट ना गं?"

अडलंय ते इथं. त्यानं व्हॉट्सॲपवर जेपीजी पाठवली. अंबडचा पाऊचवाला म्हणतो, मॅडम, हे चालणार नाही, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली ओपन फाइल आणा, म्हणजे जिच्यात बदल करता येतात ती. मुलगा म्हणतो, ओपन फाइलचे वेगळे पाच हजार. आमच्या ह्यांचं म्हणणं, पैसे मोजले म्हणजे डिझाइनही आपलं आणि फाइलही आपली. कोणाचं खरं? पुढच्या कामालाही मला हाच मुलगा हवाय, त्यामुळे भांडण नकोय.

गोदाकाठचा_बंड्या:
पाच हजार?? उरलेले पैसे अडकवा, फाइल धावत येते. नाहीतर मोबाइलवर ॲपमध्ये अर्ध्या तासात होतं हल्ली.

सातपूरचा_प्रेसवाला:
बंड्याभाऊ, ती अर्ध्या तासातली डिझाइनं शेवटी आमच्याच टेबलावर येतात, म्हणून बोलतो. ताई, पैसे अजिबात अडकवू नका.

मिस्टरांचं म्हणणं सगळ्यांनाच बरोबर वाटतं, पण कायदा तसा नाही. पगारी नोकरानं केलेलं काम मालकाचं. बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या लोगोचा कॉपीराइट मात्र साधारणपणे करणाऱ्याकडेच राहतो, तो लेखी देईपर्यंत. १९५७ च्या कायद्यात कलम १७ आणि १९ बघा. लेखी घेताना 'कायमस्वरूपी आणि जगभर' असं स्पष्ट घाला. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. उद्या दुबईला माल गेला तर?

आता फाइल. पाऊचवाला सवयीनं 'ओपन फाइल' म्हणतो. बऱ्याचदा त्याचं काम छपाईच्या पीडीएफवर भागतं: सगळी अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या आकारांत बदललेली), रंग सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे), फोटो ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेलं डिझाइन). मराठी अक्षरं कर्व्ह केल्याशिवाय फाइल घेऊच नका. श्रीलिपीचा (मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा) फॉन्ट दुसऱ्याच्या मशीनवर नसला की 'बेदाणा' या शब्दाचं काय होईल ते वाचवत नाही. आणि व्हॉट्सॲपनं फोटो म्हणून पाठवलं की तो दाबला जातो, ईमेलनं मागवा.

त्याआधी पाऊचवाल्याकडून दोन गोष्टी घ्या. एक, पाऊचचा मापासकट आराखडा: सील कुठे, झिप कुठे, खालची घडी कुठे. तुमचा मांडव सीलखाली जायचा. दोन, किती रंगांत छापणार? ग्रॅव्हुअरला, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरून होणाऱ्या छपाईला, प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर लागतो आणि त्याचे पैसे तुम्हीच भरता. पारदर्शक पाऊचवर पांढरा हासुद्धा एक रंगच, त्याचा थर मुलानं फाइलमध्ये वेगळा द्यायला हवा. पहिल्याच वर्षी थोडेच पाऊच लागणार असतील तर डिजिटल छपाई किंवा चांगलं स्टिकर परवडेल. हे मी स्वतःच्या धंद्याविरुद्ध बोलतोय.

मजकूरही आत्ताच पक्का करा: चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक, हिरवा शाकाहारी ठिपका, निव्वळ वजन, पत्ता, तक्रारीचा फोन. एमआरपी, बॅच आणि पॅकिंगचा महिना नंतर मारायला कोरी जागा सोडा. सिलिंडर झाल्यावर फोन नंबर बदलला की नवा सिलिंडर.

कॉलेजरोडची_रेषा:
मी डिझायनर आहे, त्या मुलाच्या बाजूनं थोडं. ओपन फाइल हातात पडली की पुढचं मसाला-बेदाण्याचं पाऊच ओळखीतला भाचा रंग बदलून करतो, आणि आमचं काम तिथंच संपतं. म्हणून वेगळे पैसे. पण छपाईची पीडीएफ ठरलेल्या पैशांतच यायला हवी; पाऊचचं डिझाइन घेतलं म्हणजे छापता येईल असंच द्यायचं. लोगोची व्हेक्टर फाइलही (कितीही मोठी केली तरी न फाटणारी) तुम्हाला हवीच, उद्या टेम्पोवर लावाल, बॅनरवर लावाल. मांडवाच्या चित्राची ओपन फाइल सोडून द्या, तुम्हाला तिची गरज नाही. 'पुढची पाऊचं तुझ्याकडेच' एवढं म्हणून बघा, आणि बदल किती वेळा फुकट हेही आत्ताच लिहून घ्या. सगळ्यात जास्त वाद त्यावरून होतात.

निफाडची_सून:
बोलले त्याच्याशी. पीडीएफ आणि लोगोची फाइल त्याच पैशांत द्यायला तयार झाला, कॉपीराइटचं लिहून देण्याचे दोन हजार जादा. उरलेले चार हजार लगेच पाठवले. बदल दोनदा फुकट, तिसऱ्यापासून पैसे. पाऊचवाल्याला रंग विचारले तर म्हणाला, चित्र बघता आठ लागतील. प्रेसवाले दादा, हे जास्त नाहीत का?

सातपूरचा_प्रेसवाला:
जास्तच आहेत. मांडवात तीन हिरवे दिसतात का बघा. दोन हिरव्या छटा एकाच सिलिंडरवरून गडद-फिक्या निघतात, मुलाला तसं करायला सांगा. सोनेरी असेल तर काढा. सहात बसेल. ते दोन फुकट बदल यासाठीच वापरा, सासूबाईंच्या सूचनांवर घालवू नका.