मदत हवी आहे: आजीच्या वहीतलं टोपडं, «१ सोडून दु.» म्हणजे नक्की काय?

नवशिक्या_मामा

नमस्कार मंडळी. ताईला सातवा लागलाय आणि मी मामा होणार आहे. आमच्याकडे बाळंतविडा आजी करायची. टोपडं, मोजे, स्वेटर, दुपटं सगळं तिच्या हातचं. आजी जाऊन तीन वर्षं झाली. आईचा आणि सुईचा संबंध बटण लावण्यापुरता. म्हटलं आपण करून बघू, एक टोपडं तर आहे.

शिलाई मशीनच्या खणात आजीची वही सापडली. दोनशे पानी, वर चहाच्या कपाचा गोल डाग. टोपड्याचं पान जसंच्या तसं उतरवतो:

«टोपडे - मोठीचे. १९९४.
४ सा. गोल. १२ खां.
दु.
१ सोडून दु.
२ सोडून दु.
३ सोडून दु.
सरळ ८. कड मु. खां. २.
११ नं. ४ प्लाय.»

बस, एवढंच. 'मोठी' म्हणजे ताईच. तिच्याच वेळचं टोपडं आहे हे, म्हणून मला हेच करायचंय, दुसरं कुठलं नाही.

सा. म्हणजे साखळी, खां. म्हणजे खांब, मु. खां. म्हणजे मुका खांब, सगळे क्रोशाचे टाके, इतपत लावलं. 'दु.' म्हणजे दुहेरी खांब (सुईवर दोनदा दोरा घेऊन घालायचा) असणार असं धरलं. तुळशीबागेत जाऊन ११ नंबरची क्रोशाची सुई मागितली, ती मिळाली. बेबी वूल ४ प्लायच्या (चार पदरी) दोन लडी घेतल्या, पिवळ्या. व्हिडिओ बघून साखळी आणि खांब शिकलो (चार संध्याकाळी आणि एक रविवार).

आता फोटो बघा. पहिली ओळ बरी आली. दुसऱ्या ओळीत दुहेरी खांब घातले, तर कडा उभ्या राहिल्या. तिसऱ्या ओळीत एक टाका सोडून एक दुहेरी खांब घातला, तर तोंडच मिटायला लागलं. चौथ्या ओळीनंतर जे झालंय त्यात एक लिंबू बसतं. मी खरंच बसवून पाहिलं. वर लोकर दर टाक्याला चिरते, चारातले दोन पदर सुईत येतात आणि दोन मागे राहतात.

कुठे चुकतंय? दोन महिने हातात आहेत.

खडीसाखर

लिंबाला डिसेंबरात थंडी वाजणार नाही, हे एक बरं झालं. 😄

उलट_सुलट

मामा, आधी अभिनंदन. दुसरं सांगते, क्रोशा सोड आणि दोन सुयांचं विणकाम घे. ४० टाके घाल, सगळ्या ओळी सुलट विण, पट्टी झाली की दुमडून बाजू शिव, टोकांना दोन गोंडे लाव. चौकोनी टोपी होते, बाळांना गोड दिसते. नवशिक्याला यात चुकायला जागाच नाही.

फडताळ

उलट_सुलट, चुकायला जागा नाही कशी? नवशिक्याचे ४० टाके दहाव्या ओळीत ४६ होतात. सुलट विणताना दोरा सुईच्या पुढून मागे गेला की फुकटचा टाका वाढतो. आणि त्याला आजीचंच टोपडं करायचंय, तेच सांगू या ना.

मामा, वहीत काही चूक नाही. तू वाचलंस चुकीचं. दु. म्हणजे दुप्पट. दुहेरी खांब नव्हे. एका टाक्यात दोन खांब घालायचे, याला जुन्या बायका दुप्पट करणं म्हणतात. माझी आईही वहीत नुसतं दु. लिहायची. आणि 'सोडून' म्हणजे टाका गाळायचा नाही. तिथे साधा एक खांब घालायचा, तो टाका वाढीतून सोडायचा. तू सोडून म्हटल्यावर खरंच सोडलेस, म्हणून तोंड मिटलं.

आता वहीचं पान पुन्हा वाच:

गोलात १२ खांब.
दु.: प्रत्येक टाक्यात दोन. झाले २४.
१ सोडून दु.: एका टाक्यात एक, पुढच्यात दोन, असं शेवटपर्यंत. ३६.
२ सोडून दु.: दोन टाक्यांत एकेक, तिसऱ्यात दोन. ४८.
३ सोडून दु.: ६०.

दर ओळीला बारा वाढतात. खांबाचा गोल सपाट राहायला साधारण एवढीच वाढ लागते. मुक्या खांबाचा गोल असता तर सहाने वाढवला असता, कारण मुका खांब उंचीला साधारण निम्मा. तुझ्या आजीने आकडे लिहिलेच नाहीत, कारण तिला ते लिहायची गरज नव्हती.

अजून एक. पहिल्या ओळीत तू बहुतेक ३ साखळ्या आणि वर १२ खांब घातलेस. फोटोत १३ दिसतात. सुरुवातीच्या ३ साखळ्या हाच पहिला खांब. नंतर ११ घालायचे.

नवशिक्या_मामा

😳 दुप्पट! फडताळताई (की दादा?), मी तीन दिवस सुईवर दोनदा दोरा गुंडाळत बसलो होतो.

लोकर चिरते त्याचं काय?

गोंडा_गुरुजी

ते सुईमुळे. तुला दुकानात ११ नंबर म्हणून लेसच्या दोऱ्याची पोलादी सुई दिली आहे, जिच्याने रुमालाची जाळी करतात. फोटोत तिचं टोक टाचणीएवढं दिसतंय. आजीचा ११ नंबर लोकरीच्या सुईचा, जुन्या ब्रिटिश मापाचा. तो ३ मिलीमीटर. पोलादी सुयांचे नंबर वेगळे चालतात, लोकरीच्या सुयांचे वेगळे. अमेरिकेहून कुणी सुया आणल्या तर आणखी घोळ. आपल्याकडे विणायच्या सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते, तिकडे नंबर वाढला की जाड होते. आपली ८ नंबर ४ मिलीमीटरची, त्यांची ८ नंबर ५ मिलीमीटरची.

म्हणून दुकानात नंबर बोलूच नकोस. 'तीन एमएमची, लोकरीची' म्हण. सुईवर कोरलेलं असतं.

लीड्सची_काकू

मी इथे इंग्लंडात अठरा वर्षं आहे, आणि हा धागा वाचून मला माझं पहिलं पोंचू आठवलं. मामा, व्हिडिओ बघतोस तो अमेरिकन आहे की ब्रिटिश ते बघ. अमेरिकन ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्याला इथल्या बायका डबल म्हणतात, आणि अमेरिकन डबल म्हणजे इथलं ट्रेबल. टाका एकच, नावं एक घर सरकलेली. मी इथल्या पुस्तकातला पोंचू अमेरिकन व्हिडिओ बघून विणला. गुडघ्यापर्यंत आला. नवऱ्याने विचारलं, तंबू आहे का.

आपली मराठी नावं याबाबतीत सरळ आहेत. मुका खांब: टाक्यात सुई घाल, दोरा ओढ, सुईवर दोन फास, दोन्हीतून एकदम काढ. खांब: आधी सुईवर एकदा दोरा घे, मग टाक्यात घालून ओढ, सुईवर तीन फास, दोन-दोन करून काढ. व्हिडिओतली बाई काहीही म्हणो, तू सुईवरचे फास मोज.

नवशिक्या_मामा

आज ३ एमएमची सुई आणली. लोणी! लोकर चिरत नाही.

पण नवीन भानगड झाली आहे. फोटो बघा. दुसऱ्या ओळीपर्यंत सपाट होतं. तिसरी ओळ संपली तर कडेला झालर आली, कुरडईसारखी. टेबलावर ठेवलं की लाटा येतात. वाढ कमी करू का? बारा जास्त होतात का?

फडताळ

बारा जास्त नाहीत. मोजलेस का? मोज आणि आकडा सांग.

नवशिक्या_मामा

मोजले. तिसऱ्या ओळीत ४८ आहेत. 🙈

फडताळ

म्हणजे तिसऱ्या ओळीतही तू प्रत्येक टाक्यात दुप्पट केलंस. २४ चे ३६ व्हायचे तिथे थेट ४८. ती ओळ उसव. क्रोशात हेच सुख, सुईवर एकच फास असतो, ओढलं की उसवतं आणि बाकीचं जागेवर राहतं.

लक्षात ठेवायला सोपं: कडेला झालर आली तर टाके जास्त, वाटी झाली तर कमी. दर ओळीच्या पहिल्या खांबात वेगळ्या रंगाचा दोऱ्याचा तुकडा अडकव, म्हणजे ओळ कुठे सुरू झाली ते शोधत बसावं लागणार नाही. आणि ओळ संपली की मोज. टीव्ही बघत मोजू नकोस.

उलट_सुलट

मी अजूनही म्हणते, दोन सुया सोप्या. पण ठीक आहे, चाललंय ते चालू द्या. मामा, मापाचं बघितलंस का? टोपडं पूर्ण झाल्यावर डोक्यात न जाणं हे दुःख मोठं.

गोंडा_गुरुजी

मापाचं मी सांगतो. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटीमीटर. टोपडं ताणलं जातं, म्हणून घेर चार-पाच सेंटीमीटर कमी ठेवायचा, म्हणजे ३० धर. ३० ला ३.१४ ने भाग, साडेनऊ आलं. तेव्हा सपाट चकती साडेनऊ सेंटीमीटर रुंद झाली की वाढ थांबवायची आणि सरळ, म्हणजे टाके न वाढवता, विणायला घ्यायचं. ४ प्लाय आणि ३ एमएमला १० सेंटीमीटरमध्ये साधारण २० खांब बसतात, म्हणजे ६० खांबांचे ३०. आजीचं गणित बरोबर निघतं बघ.

पण हात सैल-घट्ट असतो. तुझा घट्ट असला तर ६० ला चकती आठचीच होईल. म्हणून टाक्यांवर विसंबू नकोस, पट्टी लाव.

सातारची_सून

एक सुचवू का? डिसेंबरअखेर बाळ येईल, आणि तीन महिन्यांत डोकं ४० सेंटीमीटरच्या आसपास जातं. आजीच्या मापाचं जानेवारीत बसेल आणि थंडी सरायच्या आत घट्ट होईल. दोन कर. एक वहीतलं, आणि दुसऱ्यात आजीच्याच पद्धतीने आणखी एक ओळ: ४ सोडून दु. म्हणजे ७२ खांब, ३६ सेंटीमीटर. सरळ ओळी ८ ऐवजी १०.

आणि वहीत नाडी लिहिलेली नाही तर तू घालूही नकोस. गळ्याशी बांधायच्या लांब नाड्या नको वाटतात. केसाळ लोकर घेऊ नकोस, केस तोंडात जातात. झोपवताना टोपडं काढून ठेवायचं, घरात डोकं झाकून तापतं बाळ. आमच्या सासूबाईंना हे पटवायला मला पहिलं मूल लागलं.

खडीसाखर

बेबी वूल बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते, लेबल बघ. तसं असेल तर इस्त्री लावू नकोस. मी भाचीच्या जॅकेटला कडा सरळ व्हाव्या म्हणून लावली होती. चपटं, चकचकीत आणि पापडासारखं झालं, परत काही ते फुगलं नाही. ओलं करून टॉवेलवर पसर, टाचण्यांनी आकार दे, वाळू दे.

आणि दुसऱ्या टोपड्यासाठी लोकर लागेल तर आजच घे. लडीच्या पट्टीवर लॉट नंबर असतो, तो जुळव. पिवळ्यात दोन लॉट शेजारी ठेवले की एक हळदीचा, एक लिंबाचा दिसतो.

नवशिक्या_मामा

अपडेट. चकती झाली! १२, २४, ३६, ४८, ६०, प्रत्येक ओळ दोनदा मोजली. पट्टी लावली तर नऊ सेंटीमीटर आणि वर तीन-चार रेघा. हात जरा घट्ट असणार. पण सपाट आहे, टेबलावर पोळीसारखी पडते. आता सरळ ८ मधली तिसरी ओळ चालू आहे, कडा आपोआप खाली वळायला लागल्यात आणि पहिल्यांदाच ते टोपडं वाटतंय.

आई काल बघत होती. म्हणाली, आजी ओळ संपली की सुई केसात खोचायची आणि बोटांच्या पेरांवर टाके मोजायची. मी मोबाइलवर मोजतोय.

लॉट नंबर जुळला, दुकानात शेवटची लडी होती. दुसरं ७२ वालं पुढच्या आठवड्यात घेतो.

तेवढ्यात पुढचं पान उघडलं. मोजे. यात आहे:

«तळ ३० सा. मु. खां. ३. टाच मा. प्र. घोटा २ सोडून एकत्र.»

'२ सोडून एकत्र' आता मला कळतं असं वाटतंय. दोन टाक्यांत साधे, मग दोन मिळून एक, म्हणजे टाके कमी होत जाणार, बरोबर? पण 'मा. प्र.' म्हणजे मागच्याप्रमाणे ना? मागच्या पानावर तर टोपडंच आहे, त्याला टाच कुठली. त्याच्या मागचं पान फाटलंय, शिवणीपाशी नुसती दातेरी कड राहिलीय.

फडताळ

'२ सोडून एकत्र' बरोबर लावलंस. फाटलेल्या पानाच्या कडेवर काही अक्षरं उरली असतील तर त्याचा उजेडात फोटो टाक. आणि मोज्याच्या पानाचाही टाक, अख्ख्या, चहाच्या डागासकट.