सोसायटीतला पालापाचोळा: बाहेर टाकायचा, जाळायचा की झाडांनाच द्यायचा?

मातीची_ओढ (पुणे)
फाल्गुन लागला की आमच्या आवारात देशी बदाम आणि पिंपळ पानं गाळायला लागतात. रोज सकाळी खराट्याने ढीग होतात, काळ्या पिशव्या भरून फाटकाशी जातात. आणि एप्रिलमध्ये त्याच झाडांसाठी आपण खताची पोती विकत आणतो! माझं मत ठाम आहे: एकही पान आवाराबाहेर जाऊ नये. आळ्यांत आणि वाफ्यांत तीन-चार इंचांचा थर द्या. भर मे महिन्यात दुपारी तो थर बाजूला करून बघा. खाली माती ओलसर असते, पानांना पांढरी बुरशी धरलेली असते आणि जंगलातल्यासारखा वास येतो. झाडांना पाणीही कमी लागतं.

सचिव_बी_विंग
ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण जबाबदारी आमच्यावर येते. पाचोळ्यात साप दडतात, विंचू असतात, आणि मुलं तिथेच चेंडू शोधत हात घालतात. शिवाय कोणी पेटती विडी टाकली तर? आवार स्वच्छ दिसलं पाहिजे, ही बहुतेक सभासदांची मागणी आहे आणि ती रास्त आहे.

काजूवाला_सिंधुदुर्ग
सचिवांचा आगीचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा येतो तो सुक्या पाल्यावरूनच. एका ठिणगीत अख्खी बाग जाते. म्हणून बांधाच्या कडेने पट्टा साफ ठेवावाच लागतो. आणि सरसकट जाळण्याला नावं ठेवणंही बरं नाही. भाताच्या रोपांसाठी दाढ (रोपं तयार करायचा जमिनीचा तुकडा) पालापाचोळा जाळून भाजतात ते उगीच नाही. तणाचं बी मरतं, राखेतून पालाश (पोटॅश) मिळतं.

मातीची_ओढ
दादा, दाढ भाजणं ही शेतीची गरज, तीही वर्षातून एकदा, तेवढ्याच तुकड्यावर. शहरात रोज सकाळी कोपऱ्यात धुमसणारा ढीग दम्याच्या माणसाच्या खिडकीत जातो. राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्येच उघड्यावर कचरा जाळण्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला 25,000 रुपये भरपाई ठरवली. तरी धूर थांबलेला नाही, याचा मला संताप येतो.

कृषी_पदवीधर
आच्छादनाच्या, म्हणजे मातीवर पानांचा थर देण्याच्या, बाजूने आहे, पण नुसतं पसरून भागत नाही. सुक्या पानांत कर्ब (कार्बन) भरपूर, नत्र (नायट्रोजन) कमी. ती मातीत खणून मिसळली तर कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र ओढतात आणि झाड पिवळं पडतं. म्हणून पानं वरच ठेवा. बदामाची पानं अख्खी टाकू नका. ती एकावर एक चिकटून पत्रा होतो आणि पाणी खाली झिरपत नाही. पायाने चुरा किंवा यंत्रातून काढा. शिरीषाची बारीक पानं तशीच चालतात. निलगिरीची वेगळी ठेवा, तिच्यातल्या द्रव्यांनी कोवळी रोपं खुरटतात. खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर पावसाळ्यात बुंधा कुजतो. वरून शेणकाला शिंपडला की थर लवकर बसतो.

गच्चीवरची_बाग
मी विरोधात, निदान कुंड्यांपुरती. पावसाळ्यात थराखाली गोगलगायी वाढतात आणि एका रात्रीत पालकाचा चट्टामट्टा. मी पानं ड्रममध्ये कुजवते, तयार खतच घालते. वेळ लागतो, पण भाजी वाचते.

कृषी_पदवीधर
पालेभाजीला तुमचंच बरोबर. जून लागताच तिथला थर काढायचा. मोठ्या झाडांना मात्र बारमाही ठेवा.

सचिव_बी_विंग
आगीचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

मातीची_ओढ
देते. पार्किंग आणि मीटरच्या खोलीजवळ एकही पान नको, हे मान्य. मुलांच्या खेळाच्या जागेलगतही नको. फक्त मागच्या भिंतीचे वाफे द्या. पानं चुरून ओली करू, वरून मातीचा पातळ हात देऊ. बसलेला ओला थर सहजी पेटत नाही. एक उन्हाळा एवढंच करू आणि त्या वाफ्यांना पाणी किती लागलं ते माळीदादांनाच विचारू.

सचिव_बी_विंग
मागच्या भिंतीपुरतं समितीपुढे ठेवतो. पुढच्या आवारात मात्र माझा विरोध कायम.