कामगारांसाठी वाहतूक सुरक्षा कार्यक्रम करायचाय, बजेट ४० हजार. काय करावं? (सोलापूर)

ताणाबाणा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात टाइम ऑफिस (हजेरीचं काम) बघतो. माणसं १८०, त्यातली ११० च्या आसपास दुचाकीवर येतात. पूर्वी बरीच जण नीलम नगर, अशोक चौक भागातून सायकलवर नाहीतर चालत यायची. आता काहींना कुंभारीला रे नगरमध्ये घर मिळालं, तेव्हापासून हप्त्यावरच्या गाड्या वाढल्या. शिफ्ट सकाळी ७ आणि संध्याकाळी ७.

गेल्या तीन महिन्यांत कामावर येता-जाता दोघं पडले. एकाच्या पायात प्लेट टाकली, दुसऱ्याच्या जबड्याला टाके. शेठ म्हणाले, "जानेवारीत रस्ता सुरक्षा महिना असतो, त्याआधी काहीतरी कर. चाळीस हजार देतो, वर एक रुपया मागू नको."

व्याख्याता बोलवावा, हेल्मेट वाटावीत की पथनाट्य करावं? कुणी केलं असेल तर अनुभव सांगा. चांगला व्याख्याता माहीत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. बजेट ४० हजारच आहे, परत सांगतो.

शेंगाचटणी
हेल्मेट वाटा. विषय संपला. आम्ही एका दिवाळीत मिठाईऐवजी हेल्मेट दिली होती. घेताना आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ हा आकडा बघून घ्या. रस्त्याकडेला अडीचशेला मिळतं त्याला हेल्मेट म्हणत नाहीत, टोपलं म्हणतात.

बाळेकर
११० गुणिले हजार, म्हणजे १ लाख १० हजार. धागा वाचून उत्तर देत जा की ओ.

शेंगाचटणी
२०२२ मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली ४४ टक्क्यांच्या वर दुचाकीवाली. आता सांगा, बजेट मोठं की जीव?

बाळेकर
जीवच मोठा. पण शेठ त्यांचा आहे, तुमचा नाही.

पारा_४४
हेल्मेट वाटून काही होत नाही. आमच्याकडे वाटली होती. मे महिन्यात दुपारी दोनला ते डोक्यात घालून कुंभारीपर्यंत जाऊन दाखवा म्हणावं. वाटल्यावर आठच दिवसांनी एका कामगाराच्या घरी गेलो, तर त्या हेल्मेटात कोंबडी अंड्यावर बसलेली. खोटं सांगत नाही. हेडलाईटसारखी काच चमकत होती, कोंबडी एकदम सुरक्षित.

शेंगाचटणी
कोंबडीला अपघात झाला का? नाही ना? मग हेल्मेट चालतं.

सेफ्टी_सर_पुणे
मूळचा सोलापूरचा, २२ वर्षं पुण्यात एका मोठ्या कंपनीत सुरक्षा विभाग सांभाळतोय. असले तुकड्यातुकड्यांचे उपाय टिकत नाहीत. आयएसओ ३९००१ हे रस्ते वाहतूक सुरक्षा व्यवस्थापनाचं मानक २०१२ पासून आहे, आम्ही त्याप्रमाणे पूर्ण यंत्रणा बसवली. कंपनीच्या प्रत्येक गाडीला जीपीएस. वेग वाढला, करकचून ब्रेक मारला, वळण जोरात घेतलं की माझ्या मोबाईलवर सूचना येते. चालकांना महिन्याला गुण आणि बक्षीस. बाहेरच्या ट्रॅकवर दोन दिवसांचं प्रशिक्षण. पहिल्या वर्षी खर्च साडेसहा लाख, पण वसूल होतो.

हेल्मेटबद्दल पारा_४४ यांचं पटत नाही. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा झालेला आहे, हेल्मेटने मृत्यूचा धोका ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के कमी होतो. आणि काहीही विकत घ्यायच्या आधी दोन्ही अपघातांची वेळ, जागा, वार, उजेड किती होता, हे कागदावर काढा. ते न करता कार्यक्रम घेतला तर फक्त फोटो निघतात.

बाळेकर
पुण्याला गेल्यावर आकडे मोठे दिसायला लागतात का ओ? ४० हजार. चार शून्यं.

(शेवटचं वाक्य मात्र कामाचं आहे.)

डॅशकॅम_दत्ता
सगळ्यांच्या गाड्यांना कॅमेरा बसवा. मी ६,५०० चा घेतला, दोन वर्षं झाली. होटगी रोडला एक जण मागून येऊन धडकला, वर मलाच शिव्या द्यायला लागला. कॅमेरा दाखवला तर गप. दुचाकीलाही येतो, थोडा महाग पडतो.

बाळेकर
११० गुणिले ६,५००. जाऊ द्या, मी आता गुणाकार करणार नाही.

काठीवाला
खरं कारण उसाच्या डबल ट्रॉल्या. हंगाम सुरू झाला की मागे ना लाईट, ना रेडियम, वर टेपवर गाणी इतक्या जोरात की मागून हॉर्न दिलेला ऐकू जात नाही. तुम्ही कितीही व्याख्यानं घ्या, मोहोळकडून येणाऱ्या ट्रॉलीवाल्याने ती ऐकलेली नसतात.

शेंगाचटणी
+१. म्हणूनच हेल्मेट.

अवांतरप्रेमी
अवांतर: नवीन दुचाकी घेताना गाडीबरोबर हेल्मेट मिळायला पाहिजे, केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ मध्ये आहे. तुमच्या ११० पैकी किती जणांनी ते मागून घेतलं विचारा. मी मागितलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "साहेब, त्याच्या बदल्यात सीट कव्हर देतो."

पारा_४४
आणि तुम्ही सीट कव्हर घेतलं.

अवांतरप्रेमी
चांगलं होतं ओ.

अक्का_वळसंग
मी कधी लिहीत नाही इथं, पण हा विषय घरातला आहे. आमचे मालक (म्हणजे मिस्टर, कारखान्याचे मालक नव्हेत) २०१९ ला पडले. हेल्मेट होतं, गाडी नवीन होती, रस्ता पण कोरडा. कारण एवढंच की सात पाचला गेट बंद व्हायचं आणि तीन वेळा उशीर झाला की अर्धा दिवस कापायचे. पोराला शाळेच्या रिक्षात बसवून सात मिनिटांत पोचायचं म्हणून वळणावर ट्रकच्या डावीकडून घातली. सहा महिने घरी.

तर भाऊ, तुमची माणसं किती वाजता पडली ते आधी सांगा. तुमच्याकडं लेट मार्क कसा आहे ते पण सांगा.

आणि व्याख्याता बोलवलाच तर मराठीत एक तास बोलणारा नको. मागावर निम्म्या जणांच्या घरी तेलुगू, काहींच्या कन्नड. माझ्या जावेच्या कारखान्यात एक साहेब येऊन गेले, बायका तासभर मान हलवत होत्या. घरी येऊन विचारलं काय सांगितलं, तर म्हणाली टाळ्या वाजवा म्हणाले तेव्हा वाजवल्या.

ताणाबाणा
अक्का, रजिस्टर काढून बघितलं. पहिला सकाळी ६.५२ ला, गुरुवार, आमच्या गेटपासून अर्ध्या किलोमीटरवर. दुसरा संध्याकाळी ७.२० ला, सुटल्यावर, नोव्हेंबरमधला, म्हणजे पूर्ण अंधार. रस्त्यात उभ्या टेम्पोला मागून धडकला.

आमच्याकडेही ७.०५ ला गेट बंद आणि तीन लेटला अर्धा दिवस. नियम शेठच्या वडलांच्या काळापासूनचा आहे. पाय मोडलेल्याच्या डोक्यात हेल्मेट होतं, शेंगाचटणी. त्याच्या नावावर त्या महिन्यात आधीच दोन लेट होते.

निवृत्त_कारकून
सर्व जण भलतीकडेच गेले. त्या दोघांना ईएसआयचा (कामगार विम्याचा) लाभ कोणत्या खात्यात मिळाला, आजारपणाच्या की अपघाताच्या, ते आधी बघा. कामावर येताना-जाताना झालेला अपघातही कामावरचाच धरतात, जुन्या ईएसआय कायद्यात त्यासाठी २०१० साली कलम ५१-ई घातलं होतं. अट एवढीच की वेळ, जागा आणि कामाचा संबंध जुळला पाहिजे. तुमचे दोन्ही जुळतात. साध्या आजारपणात मजुरीच्या ७० टक्के मिळतात, कामावरच्या दुखापतीत ९० टक्के. बऱ्याच ठिकाणी टाइम ऑफिसवाले आळसाने आजारपण लिहून मोकळे होतात. पगार २१ हजारांच्या आत असलेल्यांनाच हे लागू, तेवढं बघा.

ताणाबाणा
काका, पायवाल्याचं आम्ही आजारपणच लिहिलंय. आळसाने म्हणा. उद्याच अपघात अहवाल भरतो.

डॅशकॅम_दत्ता
माझ्या कॅमेऱ्यात वेळ आपोआप येते. रजिस्टर काढायची गरज नाही.

नाना_गॅरेज
मी मेकॅनिक हाय. एवढ्या लोकांनी लिवलं पण गाडीकडं कुणी बघना. अंधारात टेम्पोला धडकला म्हणजे हेडलाईट वर मारत असंल नाहीतर काच पिवळी पडली असंल. हप्त्यावर गाडी घेतलेला माणूस सर्व्हिसिंग करत नाय, पेट्रोल आणि हप्ता भागला की झालं. एक रविवार मला बोलवा. गेटवर एकेक गाडी बघतो. ब्रेक शू, मागचा दिवा, टायर, हेडलाईटचा फोकस. मजुरी नको, पार्टचे पैसे आणि चहा द्या. बल्ब आणि ब्रेक शू दोन्ही धरून चारशेच्या वर जात नाय एका गाडीला, आणि सगळ्यांना दोन्ही लागत नाय.

शेंगाचटणी
नाना बरोबर बोलले. बल्ब बदला आणि हेल्मेट द्या.

सेफ्टी_सर_पुणे
थकव्याचा मुद्दा कुणी मांडला नाही. १२ तासांची शिफ्ट, त्यात रात्रपाळी करून सकाळी सातला सुटणारा माणूस १७-१८ तास जागा असतो. इतकं जागं राहिल्यावर प्रतिसादाचा वेग थोडी दारू प्यायल्यासारखा होतो, हे प्रयोगांत मोजलेलं आहे. ताशी ६० च्या वेगात एक सेकंद उशिरा ब्रेक दाबला तर गाडी १६-१७ मीटर पुढे गेलेली असते. आमच्याकडे रात्रपाळीला बस आहे.

बाळेकर
तुमच्याकडे सगळंच आहे.

ताणाबाणा, एक विचारायचं राहिलं. ७.२० ला रस्त्यात उभा होता तो टेम्पो कुणाचा?

अवांतरप्रेमी
अवांतर: पडलेल्याला उचलून दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस अडकवू शकत नाहीत. मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आहे. कार्यक्रमात हे आवर्जून सांगा. लोक भीतीने मोबाईलवर शूटिंग काढत उभे राहतात. हायवेवर असाल तर १०३३, नाहीतर १०८.

बाळेकर
टेम्पो कुणाचा ते सांगा की ओ.

ताणाबाणा
आमचाच. म्हणजे भाड्याचा, पण आमचाच माल भरायला थांबलेला. आवारात डाव्या बाजूला जागा आहे, पण पावसाळ्यापासून तिथं चिखल होऊन चाकं रुततात, म्हणून टेम्पोवाले गेटबाहेर रस्त्यावरच लावतात. रोज संध्याकाळी तीन-चार असतात. पार्किंग लाईट कुणी लावत नाही, बॅटरी उतरते म्हणतात. त्या जागेवरून मी रोज जातो. कधी खटकलं नाही.

काठीवाला
म्हणजे ट्रॉलीवाल्यांना उगाच शिव्या दिल्या मी.

पारा_४४
नाही, त्या द्याच.

ताणाबाणा
(नऊ दिवसांनंतर)
सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगतो, रागावू नका.

व्याख्याता, हेल्मेट, पथनाट्य, कॅमेरा यातलं काहीच नाही. डाव्या बाजूच्या जागेत मुरूम टाकून घेतला. सहा टिपर मुरूम, पाच तास जेसीबी, रोलर. ३६ हजार ८०० गेले. उरलेल्या पैशात गेटवर एक फ्लड लाईट, आणि टेम्पोंच्या मागे चिकटवायला रेडियम टेपचा रोल. वॉचमनला सांगितलंय, बाहेर लावलेल्या टेम्पोचा माल भरायचा नाही. पहिले दोन दिवस भांडणं झाली. काल संध्याकाळी सातला चारही टेम्पो आत होते.

लेट मार्कचं शेठकडे काढलं. ७.०५ चं ७.१५ करा म्हणालो. "आज पंधरा, उद्या तीस मागतील" म्हणाले. सध्या नाही. ईएसआयचा अहवाल भरला, तो मात्र लगेच सही करून दिला.

सेफ्टी_सर_पुणे
हे स्थापत्य काम झालं, सुरक्षा कार्यक्रम नव्हे. कर्मचाऱ्यांच्या वागण्यात बदल कुठे आहे?

शेंगाचटणी
सगळे पैसे मातीत घातले! त्यात ३६ हेल्मेट आली असती.

बाळेकर
मुरूमात. माती वेगळी.

अक्का_वळसंग
बरं केलं भाऊ. पण लेट मार्कचं सोडू नका. सात बावन्नला पडत नाही कुणी, सहा बावन्नला पडतं.

ताणाबाणा
सोडत नाही अक्का. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीनंतर परत विचारतो, तेव्हा शेठ जरा बऱ्या मूडमध्ये असतात. जानेवारीसाठी त्यांना बॅनर आणि फोटो पाहिजेच आहे. बॅनर मुरूमावरच उभा करतो.

निवृत्त_कारकून
मुरूमवाल्याचा नंबर व्यनि कराल का? आमच्या सोसायटीत लागतोय.

नाना_गॅरेज
आणि माझ्या रविवारचं काय?

ताणाबाणा
नाना, या रविवारी नऊला या. सातला नको, शिफ्ट बदलताना गेटवर गर्दी असते. पार्ट्सचं बिल माझ्या नावाने करा, कारखान्याच्या नको.